किती वर्षांसाठी? घर-जमिनीतील गुंतवणूक आणि मुदतीचा प्रश्न

घर कुठे घ्यावे, कोणत्या बिल्डरकडून घ्यावे, कर्ज किती काढावे, यावर मराठी कुटुंबांत महिनोन्‌महिने खल चालतो. किती वर्षांसाठी घ्यायचे, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. विचारला तर ‘घर काय विकायला घेतो का’ असे उत्तर येते, किंवा ‘भाव वाढले की काढून टाकू’ असे. पहिल्या उत्तरात मुदत अनंत धरलेली असते आणि दुसऱ्यात ती बाजारावर सोडलेली असते. दोन्हींत ती ठरवलेली नसते.

या विषयावर अर्थशास्त्रज्ञांनी, करकायद्याने, न्यायालयांनी आणि प्रत्यक्ष बाजाराने गेल्या काही दशकांत बरेच काही सांगितले आहे, आणि ते एकमेकांशी जुळतेच असे नाही. या लेखात महाराष्ट्राचा, विशेषतः मुंबई-पुण्याचा बाजार डोळ्यांसमोर ठेवून त्या सगळ्याचा आढावा घेतला आहे. माझे मत आधीच सांगतो. मुदत बदलली की केवळ परतावा बदलत नाही, आपण विकत घेत असलेली वस्तूच बदलते. दोन वर्षांसाठी घेतलेला फ्लॅट, बारा वर्षांसाठी घेतलेला तोच फ्लॅट आणि मुलांसाठी म्हणून घेतलेला तोच फ्लॅट या तीन वेगळ्या खरेद्या आहेत. त्यांची तपासणीही वेगवेगळ्या गोष्टींची व्हायला हवी.

चाळीपासून टॉवरपर्यंत

मुंबईतल्या चाळी ही मुळात दीर्घ मुदतीची गुंतवणूक होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्यापाऱ्यांनी आणि गिरणीमालकांनी त्या बांधल्या आणि दरमहाच्या भाड्यावर पैसे उभे राहिले. इमारत विकून फायदा काढायचा विचार त्यात दुय्यम होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले आणि ही गुंतवणूक आतून पोखरली गेली. भाडे गोठले पण दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला, त्यामुळे मालकाला इमारत टिकवण्यात रस उरला नाही. पागडी ही त्यातूनच रुजलेली वाट होती. भाड्यातून मिळू न शकणारे पैसे एकरकमी घेण्याची ती सोय होती.

पुढे १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले. त्यानंतर आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. तोवर अर्धे शतक उलटले होते. या काळात भाड्यासाठी बांधकाम जवळजवळ थांबले आणि मालकीच्या फ्लॅटचा बाजार उभा राहिला. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, सहकारी गृहनिर्माण संस्था, १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने आणखी दुर्मिळ झालेली जमीन आणि १९७७ मध्ये स्थापन झालेल्या एचडीएफसीने सामान्य नोकरदारापर्यंत आणलेले गृहकर्ज, हे सारे त्याच प्रवाहातले. घर म्हणजे भाड्याचे उत्पन्न हा विचार मागे पडला आणि घर म्हणजे वाढणारा भाव हा विचार पुढे आला. आजच्या गुंतवणूकदाराच्या मनातली मुदत या इतिहासाने घडवलेली आहे, म्हणून तो येथे सांगितला.

उदारीकरणानंतर चक्रे दिसू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईतले भाव शिखरावर गेले, मग कित्येक वर्षे खाली किंवा स्थिर राहिले. २००३ च्या सुमारास सुरू झालेली तेजी २००८ च्या जागतिक संकटात थबकली आणि पुन्हा २०१३ पर्यंत चालली. त्यानंतर नोटाबंदी, रेरा, जीएसटी आणि वित्तसंस्थांचे संकट यांच्या सावलीत सुमारे सात वर्षे भाव महागाईच्याही मागे राहिले. करोनाच्या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या महिन्यांसाठी २ टक्के आणि त्यापुढच्या तीन महिन्यांसाठी ३ टक्के केले, आणि तिथून नवी चढण सुरू झाली. १९९५ ला घेणारा आणि २००३ ला घेणारा, दोघांनीही ‘दहा वर्षे’ वाट पाहिली असेल, पण त्यांचे अनुभव एकमेकांच्या उलट आहेत. ‘दीर्घ मुदतीत घर बुडत नाही’ या वाक्यातली दीर्घ मुदत किती, याचे उत्तर प्रवेशाच्या वर्षावर अवलंबून आहे.

पहिली दोन-तीन वर्षे

अल्प मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवे. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८९ मध्ये अमेरिकी शहरांतल्या घरांच्या किमती तपासून दाखवले, की शेअर बाजारासारखी ही बाजारपेठ बातमी लगेच पचवत नाही. यंदा भाव वाढले तर पुढच्या वर्षीही ते त्याच दिशेने जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे चढणीवर बसणाऱ्याला काही काळ वारा अनुकूल मिळू शकतो. आपल्याकडे प्री-लाँचमध्ये, पाया खणायच्या आधी पैसे भरून ताब्याच्या आधी करार पुढे विकणाऱ्यांनी २००३ ते २०१३ या काळात हेच केले, आणि अनेकांनी चांगले पैसे कमावले.

पण या मुदतीचा खरा शत्रू खर्च आहे. मुंबईत पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के पडते, पुण्यात ७. नोंदणी फी कमाल ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर तो नाही. समजा मुंबईत १ कोटीचे तयार घर घेतले आणि दोन्ही वेळा एजंटला एकेक टक्का दिला. मुद्रांक, नोंदणी, दलाली, सोसायटीची हस्तांतरण फी धरून येण्याजाण्याचा खर्च साडेआठ लाखांच्या घरात जातो. दोन वर्षांत विकले तर हा बोजा दरवर्षी सव्वाचार टक्क्यांचा होतो. दहा वर्षांत विकले तर एका टक्क्याहून कमी. बांधकाम चालू असलेल्या घरात जीएसटीची भर पडली की, दोन वर्षांत १० टक्के भाववाढ झाली तरी हाती काही उरत नाही.

सरकारने इथे एक सवलत ठेवली आहे. बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट गुंतवणूकदाराने ठरावीक मुदतीत पुढे विकला, तर आधी भरलेले मुद्रांक शुल्क पुढच्या दस्तात वळते करता येते. ही मुदत १ वर्ष होती, २०२२ च्या अर्थसंकल्पात ती ३ वर्षे केली गेली. उलट आयकराचा कल थांबणाऱ्याकडे आहे. २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून टप्प्याच्या दराने कर लागतो. गृहकर्जाच्या मुद्दलावर जुन्या करप्रणालीत घेतलेली वजावट, ताब्यापासून पाच वर्षांत घर विकल्यास परत उत्पन्नात धरली जाते. राज्याचा कायदा लवकर विकणाऱ्याला हात देतो आणि केंद्राचा कायदा त्याला अडवतो. या दोन धोरणांचा एकत्र विचार झाल्याचे दिसत नाही.

न्यायालयांनीही मुदतीकडे लक्ष वळवले आहे. २०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना दिवाळखोरी संहितेत वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मानसी ब्रार फर्नांडिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खरा घरखरेदीदार आणि सट्टेबाज गुंतवणूकदार यांत फरक केला. हमखास परतावा किंवा सक्तीची पुनर्खरेदी अशी कलमे असलेला करार हा घरखरेदीचा नाही, पैसे लावण्याचा आहे, आणि अशा व्यक्तीला बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असा त्याचा आशय. ही भूमिका मला योग्य वाटते, कारण रखडलेल्या प्रकल्पात राहायला जाण्यासाठी थांबलेल्या कुटुंबाचे हित आणि परताव्यासाठी थांबलेल्याचे हित एक नसते. मात्र कराराच्या कलमांवरून हेतू ओळखणे सगळीकडे इतके सोपे नसेल. दोन फ्लॅट घेऊन एकात राहणारा आणि दुसरा विकू पाहणारा माणूस कुठल्या बाजूला धरायचा, हे पुढचे खटले ठरवतील.

पाच ते पंधरा वर्षे: हप्ता, भाडे आणि कर

बहुतेक पगारदार गुंतवणूकदार प्रत्यक्षात याच टप्प्यात असतात, आणि हिशेब सर्वाधिक इथेच चुकतात. म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट हप्त्याची. ८० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे ६९ हजार ४०० रुपये येतो. पाच वर्षांत कर्जदार साडेएकेचाळीस लाखांहून अधिक रक्कम भरतो आणि त्यातले मुद्दल जेमतेम साडेनऊ लाख असते. कर्जाचा ८८ टक्के भाग तसाच उभा असतो. दहा वर्षांनीही ७० टक्के शिल्लक राहते. म्हणजे पाच वर्षांसाठी कर्जावर घर घेणारा बहुतांश पैसे व्याजाला देत असतो. त्याचा फायदा होण्याचा एकच मार्ग उरतो, तो भाववाढीचा. पंधरा वर्षे थांबणाऱ्याचे मुद्दल मात्र शेवटच्या वर्षांत वेगाने फिटते. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, त्यामुळे हप्त्यापेक्षा जास्त भरू शकणाऱ्याचे चित्र वेगळे असते.

दुसरी गोष्ट भाड्याची. आपल्या महानगरांत निवासी घराचे वार्षिक भाडे किमतीच्या साधारण २ ते ४ टक्के असते. १ कोटीच्या घराचे महिना २५ हजार भाडे धरले तर वर्षाला ३ लाख. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम, प्लंबिंग, एजंटची फी आणि भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एखादा महिना वजा केला की दोन-सव्वादोन लाख हातात येतात. लीव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेक ११ महिन्यांचा, त्यात ५ ते १० टक्के वाढ लिहिलेली. मालकाची मुदत पंधरा वर्षांची, पण त्याचे उत्पन्न अकरा महिन्यांच्या तुकड्यांचे, अशी ही रचना आहे. व्यापारी जागेत तसे नाही. तिथे नऊ वर्षांचे करार, तीन वर्षांचा लॉक-इन आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ ही चाल रूढ आहे. परतावाही जास्त असतो. पण एकदा जागा रिकामी झाली की ती महिनोन्‌महिने रिकामी राहू शकते. नरिमन पॉइंट १९९० च्या दशकात जगातल्या महागड्या कार्यालयीन भागांत गणला जाई. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाने त्याचे भाडेकरू ओढून घेतले. पंधरा वर्षांच्या मुदतीत ‘प्राइम लोकेशन’ स्वतःच जागा बदलू शकते.

हा व्यवस्थापनाचा भार नको असणाऱ्यांसाठी रिट्स, म्हणजे भाड्याच्या मालमत्ता बाळगणारे आणि शेअर बाजारात नोंदलेले न्यास, आहेत. सेबीचे नियम २०१४ चे, पहिली नोंदणी एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्सची. माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड, नेक्सस नंतर आले. एक युनिटही घेता येते, १२ महिन्यांनंतरचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो, आणि विकायला ग्राहक शोधावा लागत नाही. मुदत लवचिक ठेवायची असेल तर हा पर्याय फ्लॅटपेक्षा सरस आहे, याबद्दल फारसा वाद नाही.

तिसरी गोष्ट कराची, आणि इथे वाद ताजा आहे. २३ जुलै २०२४ पासून घर-जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाईची जोडणी, म्हणजे इंडेक्सेशन, काढून टाकली गेली आणि दर २० वरून १२.५ टक्क्यांवर आणला गेला. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुन्या-नव्यातून कमी कराचा मार्ग निवडता येतो. परदेशस्थ मराठी माणसाला ही निवड नाही. सरकारची भूमिका अशी, की सर्व मालमत्तांना एकच सोपा दर हवा आणि बहुतेकांचा कर कमीच होईल. टीकाकार म्हणतात, की हा कागदी नफ्यावरचा कर आहे. दोघांचे म्हणणे मुदत आणि वेग यांवर तपासता येते. २०१०-११ चा महागाई निर्देशांक १६७, २०२४-२५ चा ३६३. त्या वर्षी घेतलेल्या घराची किंमत या चौदा वर्षांत सुमारे ४.१ पटीच्या पुढे गेली असेल तरच नवा दर फायद्याचा. म्हणजे वर्षाला साडेदहा-अकरा टक्क्यांची वाढ हवी. त्याहून सावकाश वाढलेल्या घराला जुनी पद्धत बरी. नव्याने घेणाऱ्याला तर पर्यायच नाही. १ कोटीचे घर वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत पंधरा वर्षांत २ कोटी ८ लाखांचे झाले आणि महागाईही ५ टक्केच राहिली, तर खऱ्या अर्थाने काहीच नफा झालेला नाही, तरीही सुमारे साडेतेरा लाखांचा कर लागेल. नवी रचना वेगाने वाढणाऱ्या मालमत्तेला अनुकूल आहे आणि सावकाश वाढणारी मालमत्ता दीर्घकाळ धरणाऱ्याला प्रतिकूल. धरून ठेवण्याचे बक्षीस इथे कमी झाले आहे. मिळालेला नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर सूट मिळते, ही तरतूद मात्र कायम आहे. त्यामुळे विकून पुन्हा घरातच पैसे ठेवणाऱ्याची कोंडी कमी होते.

तीस वर्षांनंतर काय उरते

सिमेंट-काँक्रीटची इमारत जुनी होते, तिच्याखालची जमीन होत नाही. ही साधी गोष्ट घर घेताना विसरली जाते, कारण विक्रीच्या कार्यालयात आपल्याला क्लब हाऊस, लॉबी आणि मॉड्युलर किचन दाखवतात. यातले काहीही तीस वर्षे टिकत नाही. आदर्श उपविधींनुसार इमारत तीस वर्षांहून जुनी झाली की दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी लागते, आणि त्याच सुमारास पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात. त्या वेळी तुमच्या घराची किंमत ठरते ती भूखंडाचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी, शिल्लक चटई क्षेत्र आणि सभासदांची संख्या यांवरून. कमी सभासद आणि मोठा भूखंड असलेल्या जुन्या सोसायटीत प्रत्येकाला वाढीव कार्पेट आणि कॉर्पस मिळू शकतो. उंच टॉवरमध्ये परवानगीचे सगळे चटई क्षेत्र आधीच वापरलेले असते आणि शेकडो सभासदांत जमिनीचा वाटा इवलासा असतो. तिथे तीस-चाळीस वर्षांनी नवा बिल्डर काय देऊ शकेल, हे आजवर फारसे आजमावले गेलेले नाही. दीर्घ मुदतीच्या दृष्टीने आजच्या बाजारातला हा मोठा उघडा प्रश्न आहे असे मला वाटते, आणि जाहिरातींत त्याचा उल्लेखही नसतो.

जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर आहे का, हेही याच मुदतीत महत्त्वाचे ठरते. बिल्डरने अभिहस्तांतरण करून न दिल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २००८ मध्ये मोफात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. दोन वर्षांसाठी घेणाऱ्याला या कागदाने फरक पडत नाही. तीस वर्षांसाठी घेणाऱ्याने मात्र सर्वांत आधी तोच मागायला हवा.

भाडेपट्ट्याच्या जमिनींचा मुद्दाही इथलाच. नवी मुंबईत सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले आहेत. त्यांतल्या सुरुवातीच्या पट्ट्यांचा बराचसा काळ आता सरला आहे. या विषयावर एक लक्षणीय संशोधन आहे. स्टेफानो जिल्यो, मातेओ माजोरी आणि योहानेस श्ट्र्योबेल यांनी २०१५ मध्ये ब्रिटन आणि सिंगापूरमधल्या घरांच्या किमती तपासल्या. शंभर वर्षांच्या आसपासचा भाडेपट्टा असलेले घर कायम मालकीच्या घरापेक्षा १० ते १५ टक्के स्वस्तात विकले जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे शंभर वर्षांनंतर काय होईल याची किंमतही लोक आज मोजतात. आपल्याकडे मात्र फ्लॅट पाहताना पट्ट्याची उरलेली वर्षे विचारणारे थोडेच.

दीर्घ मुदत निवडून ती पेलणाऱ्यांचे ठळक उदाहरण पुण्याच्या हडपसरचे आहे. शहर अंगावर येत असताना मगर आणि शेजारच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली नाही. ती एकत्र करून कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने मगरपट्टा सिटी उभी राहिली. एकदाच येणारी विक्रीची रक्कम त्यांनी भागांमध्ये आणि आयटी इमारतींच्या भाड्यामध्ये बदलली. पण हे साधण्यासाठी आप्तसंबंधांचा विश्वास, शहराजवळची सलग जमीन आणि थांबण्याची ताकद लागते. मुलीचे लग्न किंवा कर्जाचा तगादा समोर असलेल्या एकट्या शेतकऱ्याला ही मुदत परवडत नाही.

संशोधकांचे मतभेद

घर धरून ठेवले तर दीर्घकाळात काय मिळते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. शिलर यांनी १८९० ते २००४ या काळातल्या अमेरिकी घरांच्या किमती महागाई वजा करून पाहिल्या. वाढ वर्षाला जेमतेम ०.४ टक्के निघाली. पीट आइखहोल्ट्स यांनी अॅमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांच्या १६२८ ते १९७३ च्या व्यवहारांवरून निर्देशांक बांधला. साडेतीन शतकांत खरी वाढ दुपटीच्या आसपासच. घराची किंमत महागाईच्या फार पुढे जात नाही, असे म्हणणाऱ्यांचा आधार हा.

त्याच्या विरोधात ऑस्कर जोर्दा आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास उभा आहे. १८७० ते २०१५ या काळातल्या १६ विकसित देशांत घरांचा महागाईपश्चात एकूण परतावा वर्षाला सुमारे ७ टक्के, म्हणजे शेअर्सइतका, आणि चढउतार कमी, असे त्यांचे निष्कर्ष आहेत. फरक कुठून आला? जोर्दांनी भाडे धरले. परताव्यातला सुमारे अर्धा वाटा भाड्याचाच होता. पण हेही अंतिम नाही. चेंबर्स, स्पेन्यर्स आणि स्टायनर यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांच्या १९०१ ते १९८३ च्या हिशेबवह्या उघडल्या. ही कॉलेजे शतकानुशतके मालमत्ता बाळगणारी, म्हणजे मुदतीची त्यांना काळजीच नाही. तरीही खरा खर्च वजा जाता निवासी मालमत्तेचा परतावा वर्षाला सुमारे २.३ टक्केच निघाला. दुरुस्ती, वसुली, रिकामी जागा यांचा खर्च आधीच्या अभ्यासांत कमी धरला गेला होता, असा त्यांचा रोख आहे.

या वादातून आपण काय घ्यायचे? भारत यांपैकी कुठल्याच अभ्यासात नाही, आणि २ ते ४ टक्के भाडे असलेल्या मुंबई-पुण्यात ‘निम्मा परतावा भाड्यातून’ हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. इथला दीर्घकालीन गुंतवणूकदार बव्हंशी भाववाढीवरच अवलंबून आहे. शिलर आणि आइखहोल्ट्स यांचे इशारे म्हणून इथे अधिक लागू पडतात.

टॉड सिनाई आणि निकोलस सूलेलेस यांनी २००५ मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली. परताव्याऐवजी त्यांनी जोखीम पाहिली. एका शहरात दीर्घकाळ राहायचे असेल तर भाड्याने राहण्यातच जोखीम आहे, कारण दरवर्षी भाडे किती वाढेल ठाऊक नसते, आणि स्वतःचे घर हे त्या जोखमीपासूनचे संरक्षण ठरते. थोडी वर्षे राहायचे असेल तर उलट, विकताना भाव काय असेल ही जोखीम मोठी. नोकरीसाठी तीन वर्षे बंगळुरूत असलेल्या तरुणाने आणि ठाण्यात मुलांची शाळा सुरू झालेल्या कुटुंबाने एकच सल्ला ऐकू नये, याचे इतके स्वच्छ कारण दुसऱ्या कुणी दिलेले मला आढळलेले नाही.

मुदत ठरवतो कोण

आतापर्यंत मुदत जणू आपण निवडतो असे धरून चाललो. प्रत्यक्षात ती अनेकदा लादली जाते. उलवे-पनवेल परिसरात विमानतळाच्या नावावर प्लॉट आणि फ्लॅट घेणारे दोन दशके होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चर्चेत आलेल्या त्या विमानतळाचे भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झाले, अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झाले आणि विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. पाच वर्षांसाठी म्हणून घेतलेली मालमत्ता कित्येकांनी अठरा वर्षे धरली. चौपट झाली, असे ते सांगतात. अठरा वर्षांत चौपट म्हणजे वर्षाला ८ टक्के. सहा वर्षांत दुप्पट झाली असती तर १२ टक्के पडले असते. पटीत मोजण्याची आपली सवय मुदत लपवते.

दुसरी लादणूक मनाची. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मायर यांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनच्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला. ज्यांना खरेदी किमतीखाली विकावे लागणार होते त्यांनी जास्त भाव लावला आणि त्यांची घरे अधिक काळ पडून राहिली. २०१३ नंतर पुण्या-मुंबईतही ‘घेतल्या भावाला तरी’ म्हणत वर्षानुवर्षे थांबणारे होते. अल्प मुदतीचा गुंतवणूकदार अशाने नकळत दीर्घ मुदतीचा होतो, तेही चुकीच्या वस्तूत.

कायदाही कधी मुदत लादतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राने महिला खरेदीदारांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत दिली, पण पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही अशी अट घातली. २०२३ मध्ये ती काढली गेली, आणि ते योग्यच झाले. विकण्याचा हक्क बांधून दिलेली मालकी अर्धीच असते.

आणि वय. साठीतल्या माणसाची सगळी पुंजी फ्लॅटमध्ये असेल आणि मुले परदेशी स्थायिक असतील, तर ‘दीर्घ मुदत’ या शब्दांना त्याच्यासाठी काय अर्थ आहे? राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ मध्ये उलट गहाणाची योजना आणली. घरात राहूनच त्यातून दरमहा उत्पन्न मिळावे, हा तिचा हेतू. ती रुजली नाही, कारण घर मुलांना द्यायचे ही भावना प्रबळ आहे. मुलांना ते हवे आहे का, हे विचारायचे मात्र बहुतेक घरांत राहून जाते.

अनिर्णित

काही प्रश्न खुले आहेत. टॉवरच्या पुनर्विकासाचा वर आला. इंडेक्सेशन नसलेल्या जगात लोक मालमत्ता लवकर विकू लागतील की विक्रीच टाळतील, हे पुढच्या दशकात कळेल. समुद्रालगतच्या आणि पुराच्या पट्ट्यातल्या घरांच्या किमतीत तीस वर्षांनंतरचा धोका आज धरला जातो का, हेही नीट तपासलेले नाही.

यांहून मूलभूत उणीव माहितीची आहे. रिझर्व्ह बँक आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँक यांचे निर्देशांक शहराची सरासरी सांगतात. एकच घर घेतले आणि बारा वर्षांनी विकले, मधल्या काळात त्यातून इतके भाडे आले, अशी साखळी त्यांतून हाती येत नाही. केस-शिलर निर्देशांक याच साखळीवर, एकाच घराच्या पुन्हा झालेल्या विक्रीवर उभा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी लागणारा कच्चा माल नाही असे नाही. विक्रीचे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदले जातात आणि ऑनलाइन शोधता येतात. १९९९ च्या कायद्याने भाड्याचे करारही नोंदणे बंधनकारक केले आहे. खरेदीची आणि भाड्याची, दोन्ही नोंदी नोंदणी व मुद्रांक विभागाकडेच आहेत. नावे वगळून त्या एकमेकींशी जोडल्या आणि अभ्यासकांना खुल्या केल्या, तर कोथरूडमधल्या किंवा डोंबिवलीतल्या घराने पाच, दहा, वीस वर्षांत प्रत्यक्ष काय दिले याचा हिशेब प्रभागवार मांडता येईल, आणि अॅमस्टरडॅमच्या कालव्यावरून पुण्याचा अंदाज बांधावा लागणार नाही.